पालकांसाठी चुन्याची रेषा

१९ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मोठे कोच लिहितात. शाळेच्या मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा कोच मी. सडक अर्जुनीत हा खेळ माहीत असलेला दुसरा कोणी नव्हता म्हणून मला नेमलं, असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतं! जिल्हा स्पर्धा यंदा आपल्याच ग्राउंडवर. जिंकलो तर विभाग, मग राज्य, मग दहावीला ग्रेस मार्क. खेळाचं कोणाला पडलंय? सगळे पालक मार्कांवर टपलेले. संकल्प : कोणाचं ऐकायचं नाही. जी चांगली ती खेळेल. माझी हर्षिताही टीममध्ये आहे. दहावीत आहे. निव्वळ योगायोग.

२१ ऑगस्ट
पोरी कमी, पालक जास्त. लीलाधरभाऊ आला, हायवेवरचा ढाबेवाला. म्हणे, आमच्या नीतूले काऊन बसवून ठेवता जी? म्हटलं, बॅट हातात आली की डोळे मिटते. म्हणे, देवापुढंबी मिटते, देव नाही म्हणते का? निर्लज्जपणाला सीमा नाही. जाताना तर्रीचं पार्सल ठेवून गेला. परत केलं असतं, पण अन्नाचा अपमान होतो. उद्या नीतूला राइट फील्डला उभं करून बघतो. हा निर्णय टेक्निकल आहे.

२३ ऑगस्ट
पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळीच पोट्टे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन राहिले होते. इडा पीडा घेऊन जा गे मारबत! मीही जोरात ओरडलो, पालक घेऊन जा गे मारबत! टीमच्या पोरी पोट धरून हसल्या. हर्षिता सगळ्यात जास्त. कोचला विनोद पाहिजे.

२६ ऑगस्ट
सुलोचनाबाई येऊन गेली, रेणूची आई. म्हणे, पोरी सांगतात रेणू बरी फेकते, तिले एक डाव तरी पिचिंग द्या. म्हटलं, पिचर हर्षिता आहे. म्हणे, ते तुमचीच पोरगी होय ना? बघा, कसा वार केला! अहो बाई, ग्राउंडवर ती मला सर म्हणते. बाबा फक्त घरी. इतकी शिस्त कोणाकडे आहे?
हर्षिताचे बॉल आज जाळीवरून पलीकडे गेले. ताकद आहे. दिशा मागून येईल. रेणूचा प्रत्येक बॉल सरळ कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. अगदी एकसुरी पोरगी.

३० ऑगस्ट
बस झालं. ग्राउंडभोवती चुन्याची रेषा मारली, माझ्या हातानं. मॅच चालू असताना पालक रेषेच्या आत येणार नाही, पोरीचं नाव घेऊन ओरडणार नाही. मोडेल तो सरळ रेषेबाहेरच्या निंबाखाली. शिट्टी मुख्याध्यापिका मॅडमकडे. त्यांनी विचारलं, नियम सगळ्या पालकांना ना? म्हटलं, एकूणएक. लीलाधरभाऊचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

६ सप्टेंबर
जेवताना हर्षिता म्हणे, बाबा, मला पिचिंग नको. रेणूला द्या, मी कॅचर होते. विनय! माझ्यावर गेली आहे. मग रडायला लागली. टेन्शन मोठ्या खेळाडूंना येतंच. बायको म्हणे, पोरगी हात जोडून राहिली, ऐका ना तिचं. म्हटलं, तू यात पडू नको. शेवटी हीसुद्धा पालकच.

१७ सप्टेंबर
उद्या जिल्ह्याची मॅच. नीतू राइट फील्डला पक्की. काल पुन्हा पार्सल आलं, पण त्याचा संबंध नाही. रेणू राखीव. चुना पुन्हा मारला, जाड.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
घडलं ते फक्त इथेच लिहितो.
हर्षिताचे बॉल इतके बाहेर, की समोरच्या पोरींनी बॅट हलवलीच नाही; चार बॉल बाहेर गेले की बेस फुकट. नुसत्या चालत बेसवर गेल्या, चालतच होम प्लेटवर आल्या, आणि रन लागत गेले. मी सूचना दिल्या. आधी बेंचवरून, मग आत जाऊन. तेवढ्यात हर्षितानं बॉल नेऊन रेणूच्या हातात दिला, स्वतः कॅचरचा मास्क चढवला. मला न विचारता! मी ओरडलो, हर्षू बेटा, परत घे तो बॉल! मॅडमनी शिट्टी मारली. म्हणाल्या, चंद्रकुमार सर, हे आता कोच बोलले की पालक?
तोंडातून निघून गेलं, बाप आहे मी तिचा!
मॅडमनी फक्त निंबाकडे बोट दाखवलं.
रेषा ओलांडताना मागून पोरींचा एका सुरात आवाज आला, घेऊन जा गे मारबत! वळून पाहिलं. हर्षिता ओरडत नव्हती. मास्क वर करून म्हणाली, जा ना बाबा. ग्राउंडवर पहिल्यांदाच बाबा म्हणाली. फार लागलं.
निंबाखाली माझ्याआधीच पोचलेल्या लीलाधरभाऊनं सरकून जागा दिली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.
टीम जिंकली. विभागाला मॅडम स्वतः घेऊन जाणार आहेत. म्हणाल्या, पालक म्हणून तुम्हीही येऊ शकता, स्वतःच्या खर्चानं.
शेवटचा डाव मला दिसलाच नाही. रेषा फार लांब मारली होती.