पत्रिकेवर नसलेला वरपिता

माननीय व्हिसा अधिकारी महोदय,

आपल्या देशाची नागरिक रीमा आणि तिचा पती, माझा मुलगा जितेश, चार वर्षे मस्कतमध्ये संसार करीत आहेत; आता त्याने पत्नीसोबत राहण्यासाठी आपल्या देशाचा व्हिसा मागितला आहे. लग्नपत्रिकेवर वरपित्याचे नाव नाही, म्हणून आपल्याला हा विवाह बनावट वाटतो. जातीच्या हट्टापायी ते नाव मीच काढायला लावले होते. तसे प्रतिज्ञापत्र करतो, असे मी काल जितेशला फोनवर सांगितले.

“नको बाबा. वडील वारलेत, असं मी मुलाखतीत सांगून बसलोय.”

मी हयात ठरलो, तर तो खोटा ठरतो. म्हणून प्रतिज्ञापत्र राहिले, आणि हे पत्रही मी टपालात टाकणार नाही. आमच्याकडे मृत पित्याचेही नाव पत्रिकेवर छापतात, एवढे आपल्याला कोणी न सांगो.

आपला,
कै. शांताराम वर्तक
नंदाखाल, वसई