पूर्वेच्या कोपऱ्यातली रुई

देवास. बुधवार, ३ फेब्रुवारी १९९९, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे.
नळावर पाय धूत होतो तेव्हा घरमालक मल्हाररावांनी खोलीची किल्ली हातात दिली. खोली मागच्या अंगणात आहे. चुना नवा, खिडकी एक, पंखा चालतो. कुक्षीहून निम्मी रात्र बसमध्ये उभा होतो, तरी बरे वाटले. घराची दुरुस्ती नुकतीच संपली आहे. दारे-खिडक्या हिरव्या, पुढे नवा ओटा. भोवती मात्र नुसता मलबा. महिनाभरात तिथे बाग उभी करायची: मोगरा, जास्वंद, सदाफुली, गुलबक्षी, फाटकावर मधुमालती. पगार बाराशे, जेवण त्यांचे. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझे लग्न आहे, लोहारद्याच्या अक्षदाशी. ती म्हणाली होती, बाग लावायला शिकून ये, आपल्याही दारी लावू.

मंगळवार, ९ फेब्रुवारी.
काळ्या मातीतून विटांचे तुकडे वेचून पाठ मोडली. रोपे योगेंद्रच्या नर्सरीतून आणली. तो म्हणाला, भिया, नवरदेव आहात, कुदळ हळू चालवा, नाहीतर हळदीला हात वर व्हायचा नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात रुईचे झुडूप आहे. उपटायला गेलो तर मल्हाररावांनी गच्चीवरून ओरडून थांबवले. त्यांच्या दोन बायका गेल्या, एक काविळीने, एक बाळंतपणात. आता धारच्या विद्युल्लताबाईंशी ठरले आहे. त्यांच्या आईची अट अशी, की तिसरे लग्न आधी रुईशी लावा. तिसरीचे मरण रुई घेईल, आमची मुलगी चौथी ठरेल. मल्हारराव हसून म्हणाले, सासूबाई मोजायला पक्क्या आहेत.

रविवार, १४ फेब्रुवारी.
आज रुईचे लग्न लागले. तिला पिवळे वस्त्र गुंडाळले, काळे मणी बांधले. मल्हाररावांचा गुडघा दुखत होता. पिवळा दोरा गुंडाळत फेरे घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच तो माझ्या हातात दिला, तू फिर रे, म्हणाले. विजेचे बिल भरायला मी जातो, रॉकेलच्या रांगेत मी उभा राहतो, तसेच हे. गुरुजींना मोतीबिंदू. पोथीत नाक खुपसून त्यांनी विचारले, नाव? गोत्र? दोरा माझ्या हातात होता. विचारले की मी नीट सांगतो, तशी सवय आहे. नीलेश, काश्यप. मल्हारराव खो खो हसले. गुरुजी तोवर पुढच्या पानावर गेले होते.

गुरुवार, १८ फेब्रुवारी.
गुरुजी म्हणाले होते, आपोआप वाळू द्या. पण मल्हाररावांचे लग्न दहा मार्चला, त्यांना घाई. तोडून टाक, म्हणाले. तोडली. चीक मनगटावर उडाला, चार वेळा धुतले तरी हात चिकट. मूळ खणून नाल्यात टाकले आणि त्या खड्ड्यात मोगरा लावला. फार दमलो.

सोमवार, २२ फेब्रुवारी.
मेल्यासारखा झोपतो आणि थकलेला उठतो. नखांत ओली माती असते. वाफ्यांना पाणी घातलेले असते. मल्हारराव म्हणतात, शाबास, उजाडायच्या आत उठतोस. मी उठत नाही. मोगऱ्याच्या खड्ड्यात रुईची दोन पाने दिसली. योगेंद्र म्हणाला, जड़ रह गई होगी भिया, आंकड़ा ऐसे नहीं मरता. रुईला इकडे आंकड़ा म्हणतात.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी.
मोगरा, जास्वंद, गुलबक्षी, सगळ्या खड्ड्यांत रुई. उपटली. सकाळी पुन्हा तीच. प्रत्येकीला पिवळा दोरा. मी बांधला नाही. गाठ मात्र माझी, उजवीकडून, दुहेरी.
लोहारद्याहून फोन आला. अक्षदाचे डोळे आले आहेत. पांढरे पाणी गळते, चिकट.

रविवार, २८ फेब्रुवारी.
गुरुजींकडे गेलो. फेऱ्यांच्या वेळी नाव कोणी सांगितले होते, त्यांनी विचारले. मी, म्हणालो. त्यांनी पोथी मिटली. मग म्हणाले, ती तुझी झाली. आपल्या मरणाने गेली असती तर सुटला असतास. मारलेली बायको जात नाही. तू दुसरी आणलीस तर ती दुसरी भोगेल.
मल्हाररावांना सांगितले. चहा पीत म्हणाले, मग माझ्यासाठी दुसरी रुई शोध.

मंगळवार, २ मार्च.
अक्षदाला डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजवाही पांढरा होत चालला आहे. तिची आई फोनवर रडली, आमच्या पोरीने कुणाचे काय वाईट केले, म्हणाली. काय सांगू—
फरशीच्या फटीतून पाने आली आहेत. खाटेखाली. उपटायचे त्राण नाही.

गुरुवार, ४ मार्च.
लग्न मोडले. फोनवर सांगितले. कारण दिले नाही. तिच्या भावाने शिव्या दिल्या, नामर्दा, तोंड दाखवू नकोस, म्हणाला. ऐकून घेतले.

शनिवार, ६ मार्च.
अक्षदाचे डोळे निवळले. दोन्ही. योगेंद्र रोपे पोचवायला लोहारद्याला गेला होता, त्याने पाहिले. अंगणात तांदूळ निवडत बसली होती. माझे नाव काढले नाही. बरे झाले.
रात्री कोणी पाठ चेपते. हात गार, चिकट. ओरडायला हवे, पण इतका थकलो आहे की—

रविवार, ७ मार्च.
काम सोडतो, मल्हाररावांना म्हणालो. हिशेब लिहून दे, म्हणाले. खोलीची कडी चिकाने बसली आहे. निघत नाही. आतूनच लिहितो—
रोपे, १४०.
शेणखत, ६०.
झारी, सुतळी, ८५.
हिरव्या बांगड्या, एक डझन, १८. मी आणल्या नाहीत. अक्षर माझे आहे.
पाळण्याचा दोर, २२. हाही—
एकूण खर्च ३२५.
येणे: मल्हाररावांकडून पगार, १२००.
देणे: ती मागे उभी राहून सांगते आहे. लिहितो. हळू सांग, एकेक—