पुनवेची काच

दादा,

फोटू छापायचा कागद आणायला बीडला चाललो. फडताळात फोटूची काच वाळत ठेवली हाय. कडा धरूनच बघा, आईला दाखवू नका.

काल सांजच्याला पुनवेचा चांद परातीएवढा उगवला म्हणून माळवदावरून फोटू घेतला. काचेवर तो ज्वारीच्या दाण्याएवढाच का आला, काय उमगंना.

पण खाली अंगणात बघा. चांदाला हात जोडून आई उभी हाय. तिच्या दुखण्यापुढं हकीमानं हात टेकल्यापासून तुमी तिच्या फोटूसाठी मागं लागलता, अन् ती म्हणायची, फोटूनं आयुष्य घटतं. मी वर हाय हे तिला ठाऊक न्हवतं. मलाबी ती काचेवरच दिसली.

कॅमेऱ्याचं झाकण तीन मिनिटं उघडं होतं. तेवढ्यात चांद सरकला, काचेवर लांबट उमटला. आई जराबी हलली न्हाई.

आश्रुबा