कोणाच्या उंचीचा ओटा

४ जानेवारी

न्हाणीघराचे दार सव्वीस इंच. चाकांची खुर्ची पंचवीस. मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, खुर्ची जाईल, पण काकूंची बोटं सोलून निघतील." म्हणजे चौकट फोडणे आले. उंबरा उखडणे आले. पुढच्या तीन पायऱ्यांवर उतार घालणे आले.

हिला पक्षाघाताचा झटका आला त्याला आता चार महिने होतील. उजवी बाजू गेली. वाचा परतली आहे, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसा येतो. तेव्हापासून लेकीकडे, शहरात आहे. वैद्यांनी परवा सांगितले, आता घरी न्यायला हरकत नाही. लेक म्हणाली, "कुठल्या घरी, बाबा? त्या उंबऱ्यांच्या?" म्हणून हे बांधकाम.

मुदत पंधरा मार्चपर्यंतची. त्या दिवशी हंगाम सुरू होतो. मग पाहुण्यांच्या झोपा मोडू नयेत म्हणून पालिका गावात हातोड्याचा आवाज चालू देत नाही. तळ्याकाठची हॉटेले आज बंद आहेत, नावा पालथ्या पडल्या आहेत, पण आत प्रत्येक खोलीत रंधा चालतो आहे. गावातला एकूण एक कारागीर त्यांनी धरून ठेवला आहे. आमचा मिस्त्री मिळाला तो केवळ एकेकाळी माझ्या वर्गात बसत होता म्हणून. विभक्ती त्याला कधी आल्या नाहीत, याची त्याने आज स्वतःच आठवण करून दिली.

११ जानेवारी

लेकीने घराचा आराखडा करणारी एक तरुणी पाठवली. मिस्त्री तिला मॅडम म्हणतो, म्हणून मीही. तिने सगळे घर फिरून पाहिले. भिंतींना कोणता रंग, पडदे जाड की विरळ, असे बरेच विचारले. मी म्हटले, रंग कोणताही द्या, पण तिला एका हाताने धरता येईल असा कठडा सर्वत्र हवा. तिने ते लिहून घेतले. मुलगी नम्र आहे, आणि कामाची आहे.

एका गोष्टीवर मात्र अडलो. तिच्या मते हिची खोली पुढची असावी. तिथे ऊन येते, तळ्याचा रस्ता दिसतो, न्हाणीघर चार पावलांवर. मी सांगितले, ती माझी वाचनाची खोली. चाळीस वर्षे पहाटेचा पाठ तिथेच होतो. भिंतभर ग्रंथ आहेत. ते हलवायचे म्हणजे एक आयुष्य हलवणे. त्यापेक्षा स्वयंपाकघराला लागून मागची खोली आहे, ती हिला सोयीची. सगळे हाताशी राहील.

तिने विचारले, काकूंना कुठली आवडेल? मी म्हणालो, शेहेचाळीस वर्षांचा संसार आहे, आता विचारण्यासारखे काय उरले असणार?

तिने मागच्या खोलीवर पेन्सिलीने पलंग काढला.

१२ जानेवारी

पाठात मन लागले नाही. मजुरांची ठोकठोक, असे म्हणावे तर आज ते आलेच नव्हते.

२० जानेवारी

आज जुना ओटा फोडला. त्याच्या पायथ्याशी एक फळी निघाली. दीड हात लांब, चार बोटे जाड, मध्यभागी झिजून गुळगुळीत झालेली. मिस्त्रीने विचारले, ही कशाला? मला सांगता येईना. सरपण म्हणून ठेवली असेल, असे काहीतरी म्हणालो.

संध्याकाळी लेकीला फोनवर सहज सांगितले. फळी केवढी, तिने विचारले. मग म्हणाली, "बाबा, आई त्या फळीवर उभी राहायची. ओटा आजीच्या उंचीचा होता ना."

माझी आई उंच होती. ओटा वडिलांनी तिच्यासाठी बांधून घेतला. ही आली ती माझ्या खांद्याच्याही खाली. आईनंतर ओटा तसाच राहिला आणि ही फळीवर चढली. दिवसातून किती वेळा चढली-उतरली असेल! त्याच वेळी भिंतीपलीकडे मी सूक्ष्मातल्या सूक्ष्म भेदांचा विचार करीत बसलो होतो. एका अक्षराच्या दोन पाठांपैकी शुद्ध कोणता यावर तीन महिने घालवले आहेत मी. चार बोटे जाडीची फळी दिसली नाही.

२१ जानेवारी

निश्चय झाला. ओटा आता हिच्या उंचीचा होईल. खुर्चीत बसून पोचेल असा, खाली मोकळा, गुडघे आत जातील असा. इतर सर्व कामे मागे राहिली तरी चालतील, हे पहिले. प्रायश्चित्त म्हणतात ते याहून निराळे काय असते?

बंद हॉटेलाच्या व्यवस्थापकाकडून चाकांची खुर्ची मागून आणली. मिस्त्रीला तीत बसवले आणि कणीक मळून दाखव म्हटले. त्याने हवेत बरीच कणीक मळली. उंची ठरली अठ्ठावीस इंच. तो म्हणाला, "एवढुसा? माझी बायको म्हणेल, भातुकलीला केलाय." मॅडम हसली. मलाही हसू आले, फार दिवसांनी.

२ फेब्रुवारी

लेकीने विचारले, ओट्याचे आईच्या कानावर घालू का? मी निक्षून नाही म्हटले. आल्यावर पाहील, तेव्हाच कळू दे. आजवर हिला मी अकस्मात असे काही दिलेले नाही.

हिच्याशीही बोललो. "कधी येतेस?" म्हटले. "बघू" म्हणाली. गेल्या आठवड्यातही बघूच होते. लेकीला खोदून विचारले तेव्हा म्हणाली, आई इकडे रमली आहे, तुम्ही आग्रह करू नका. बायका घरी येतात, पत्ते मांडतात. ही पत्ते खेळते! मला ठाऊकही नव्हते.

उंबरे अडवत असतील तिला, दुसरे काय. घर एकदा हिच्याजोगते झाले की येईल.

१३ फेब्रुवारी

मिस्त्री पाच दिवस गायब. हॉटेलवाल्याने ओढून नेला. शेवटी मीच काठी टेकत तिकडे गेलो. एका न्हाणीघरात उकिडवा बसून फरशी लावत होता. मला पाहून चटकन उठला — तीस वर्षांनंतरही, वर्गात उठावे तसा. उद्या येतो म्हणाला. "आधी गुरुजींचं, मग पाहुण्यांचं." हॉटेलवाल्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच त्याचा माणूस पळवला. खरेच पळवला.

२२ फेब्रुवारी

ओटा झाला. काळा दगड, कडा गोलवलेल्या. नळ आडव्या दांड्याचा, मनगटाने उघडणारा. कोणी नसताना मी खुर्चीत बसून पुढे सरकलो. गुडघे बरोबर आत गेले. दगडावर दोन्ही तळहात ठेवले. गार होता.

आजचा पाठ स्थिरचित्ताने झाला.

२७ फेब्रुवारी

उतार झाला, दार रुंदावले, कठडे लागले. मागच्या खोलीत पलंग. मॅडमने तिथे फिकट पिवळा दिला आहे, म्हणाली, उजेड कमी आहे, निदान रंग तरी. उद्या आराखड्याची गुंडाळी घेऊन लेकीकडे जातो. आता लपवण्यात अर्थ नाही. पाहिले की स्वतःच म्हणेल, चला.

१ मार्च

लेकीच्या घरी आहे. जे घडले ते घडले तसे लिहितो.

ही सज्जात बसली होती. खाली रस्ता. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती, कोणाला तरी डावा हात केला. केस कापलेले. लेकीने कापले म्हणे, विंचरायला सोपे. ओळखायला मला एक क्षण लागला.

कागद तिच्या मांडीवर पसरला. डाव्या बोटाने तिने दार शोधले, उतार शोधला. मान हलवली. चांगले केले, असे तोंडावर दिसले. मग म्हणाली, "मी कुठे?"

मी मागची खोली दाखवली. मग ओटा. अठ्ठावीस इंच, सांगितले. फळीची गोष्ट सांगितली. म्हणालो, इतकी वर्षे मला दिसले नाही, त्याची ही भरपाई समज. आता बसून करता येईल तुला सगळे.

ती हसली. अर्धेच हसते आता. कोणत्या अर्ध्याने हसते आहे ते कळायला मला वेळ लागतो.

"इतकी वर्षं उभी," ती म्हणाली. लेक पुढे सरसावली तिचे वाक्य पुरे करायला, तिला हिने हाताने थांबवले. "आता बसून?"

मी म्हणालो, तसे नव्हे, तुला आवड आहे म्हणून. आवड, हा शब्द वापरला मी. तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. वर्गात मी एखाद्या चुकलेल्या मुलाकडे पाहत असे तसे, पुन्हा वाच म्हणून.

"ओटा तुमच्या उंचीचा करा," ती म्हणाली. "मग येईन."

मग कागदावर बोट सरकवत पुढच्या खोलीवर आणले आणि तिथेच ठेवले. बोट उचलले नाही.

२ मार्च

परतीच्या गाडीत दिवसभर तेच. मी रागावलो आहे का, हे स्वतःला विचारले. होय, थोडा. मनात आले, पंचाहत्तराव्या वर्षी मी स्वयंपाक शिकावा! डबा येतो आहे. एखादी बाई ठेवता येईल. लेकीला निघताना हे म्हणालोही. ती म्हणाली, "बाई ठेवा की, बाबा. पण आईने बाई मागितली नाहीये."

त्यागावर मी किती व्याख्याने दिली असतील! आणि ऐन वेळी काय राखून ठेवले? ऊन, तळे, खिडकी आणि बंद करता येणारे दार. मागची अंधारी खोली तिला, आणि त्याला नाव काय दिले, तर सोय. प्रायश्चित्तसुद्धा असे घेतले की शिक्षा तिलाच व्हावी. जुन्या ओट्याहून सहा इंचांनी खाली आणलेली.

३ मार्च

मिस्त्रीला सांगितले, ओटा फोडायचा. तो तंबाखू मळत होता, हात थांबला. म्हणाला, दगडाचा टवका नाही उडालेला, गुरुजी, आणि बारा दिवसांवर हंगाम! मॅडमचे चुकले का, त्याचे चुकले का, विचारू लागला. मी म्हणालो, माझे. कोणासाठी फोडता, विचारले. तेही सांगितले. त्याने तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "तुम्ही केलेला चहा प्यायलोय मी परवा. काकूंना सांभाळा." आणि फोडायला घेतला.

६ मार्च

पुढची खोली रिकामी करतो आहे. ग्रंथ मागच्या खोलीत. एकेक फडताळ रिकामे करताना प्रत्येक पोथी उघडून बघावीशी वाटते, म्हणून मॅडमने मला गठ्ठे उचलायला मनाई केली आहे आणि स्वतः उचलते आहे. मागच्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. हे मला जानेवारीत दिसले नव्हते असे नाही. दिसले होते.

हिचा पलंग खिडकीशी लावला. तिथून नावा दिसतात. आज दोघे जण त्यांना रंग देत होते.

९ मार्च

डबा बंद केला. भात करपला.

१२ मार्च

हातोड्याचे दोनच दिवस उरले. सकाळी मिस्त्री म्हणाला, "उभे राहा, गुरुजी. सरळ. हात कोपरात वाकवा." कोपराखाली चार बोटे सोडून त्याने भिंतीवर रेघ ओढली. छत्तीस इंच. मग विचारले, बेसिन कोणत्या बाजूला? मॅडमने मोबाइलवर दोन चित्रे दाखवली. दोन्ही सारखीच वाटली.

फोन लावला. हिला विचारले.

"उजवीकडे पोळपाट, डावीकडे..." ती म्हणाली आणि थांबली. मी वाट पाहिली.

"नाही. उलटं करा. तुम्ही डावखुरे."