पऱ्हाटीचा ढीग अन् एक टिंब

६ जाने. बोरी अरब

वावरांत लावलेल्या सापळ्यांतल्या पतंगांचे आकडे शेवटी एका जागी आले. या पतंगांची गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांत, दडून राह्यते, हे १० तारखेले ग्रा.पं.मध्ये लोकांले दाखवाचं. पटलं तर यंदा उपटलेली पऱ्हाटी घरामागं रचणार नाहीत. नाही पटलं तर पुढच्या कापसाले पुन्हा अळी.

जास्त ढिगांचं आमचं गाव अन् कमी ढिगांचं शेजारचं, दोन्हींच्या सरासरीचे स्तंभ काढले. सारखेच! डोकं फिरलं. पावसाळाभर चिखल तुडवला तो याच्यासाठी?

७ जाने.

कॉलेजातल्या सरांले फोन केला. म्हणे स्तंभांले रंग दे, उठून दिसतील. रंगानं काय होते, कपाळ!

दुपारी सरासरी फेकली. एक सापळा, एक टिंब. आडव्या रेषेवर पऱ्हाटीच्या जवळच्या ढिगापासूनचं अंतर, उभ्या रेषेवर पतंग. टिंबं पडत गेली अन्... अगं माय! ढिगाजवळ उंच, दूर जाता जाता उतरत थेट तळाले. सरासरीनं हे सारं झाकलंतं. एकटीच टाळ्या वाजवून राह्यली. आईनं डोकावून पाह्यलं. "बरी हायेस ना वं?"

८ जाने.

एक टिंब ऐकत नाही. ढिगापासून दूर, तरी उंच. सर म्हणे काढून टाक, एकानं काय बिघडते. नाही काढणार. कोणाचा सापळा म्हणून पाह्यलं तर आमचाच, घरामागच्या वावरातला.

९ जाने.

सकाळी टेप घेऊन वावरात गेलती. काहीच दिसलं नाही. परत आली तं आई म्हणे, आंघोळीचं पाणी ठेवलं, घरामागून पऱ्हाटी आण. गेली, मोळी उचलली, अन् तिथंच उभी राह्यली.

साऱ्या गावाचे ढीग मोजले, आपलाच सोडला! आपलं ते सरपण, लोकायचा तो ढीग. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. स्वतःचाच राग आला अन् आनंदही मावेना. अंतर नव्यानं मोजलं. टिंब सरकलं ते बरोबर रांगेत जाऊन बसलं. काय देखणा आलेख झाला!

संध्याकाळी बाबाले दाखवला.

"हे एक लाल काहून?"

"आपलं हाय म्हणून. उद्या साऱ्यांसमोर सांगणार."

आई म्हणे, "अन् पाणी कायच्यावर तापवू?"

१० जाने.

सभा दहाले. टिंब लालच ठेवलं. मजा येऊन राह्यली. बाबा सकाळीच नवी पऱ्हाटी आणाले बैलगाडी घेऊन गेले. कुठं उतरवणार, विचारलं. म्हणे, सभा होऊ दे, मग पाहू.

भरली गाडी आता फाटकातच उभी हाय, घरामागं गेली नाही.