पुलापलीकडे न चालणारा परवाना

३ मार्च
आमच्या मुलीचं, कॉरिनचं लग्न ठरलं. चौदा जून, न्यू जर्सीत, मुलाच्या गावी. पूल ओलांडला की बारा मिनिटं. मुलगा बरा आहे, राज्य वाईट. आमचा पेनसिल्व्हेनियाचा पिस्तुलाचा परवाना तिथे चालत नाही. एकोणीस वर्षं शर्टाआड कमरेला पिस्तूल आहे, कुणाला दिसलंसुद्धा नाही. माझ्या लायसन्सवर तिथे गाडी चालते, तिथलं लग्न इथे चालतं. मग परवान्यालाच काय धाड भरली?

५ मार्च
जाहीर केलं, पिस्तुलाशिवाय पूल ओलांडणार नाही. बायकोने, मार्लिसने विचारलं, मग चर्चमध्ये मुलीचा हात धरून कोण नेणार? म्हटलं, जूनपर्यंत कायदा बदलतो. मार्लिस उठून फ्रिजमधून दूध काढायला गेली. पटलं असावं.

११ एप्रिल, दुपार
कॉरिनचा फोन. पप्पा, पाहुणे नव्वद, त्यातले अकरा शाकाहारी, तुम्हाला मारायला येतंय कोण? म्हटलं, प्रश्न परवान्याच्या मान्यतेचा आहे. म्हणाली, तुम्ही नाही आलात तर एकटी चालत जाईन, दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. आवाज चिरकला. सर्दी असावी.

२ मे
खासदारांना सहावं पत्र: आमचा परवाना सगळ्या राज्यांत चालावा. नवा मुद्दा: न्यू जर्सीत पेट्रोलसुद्धा स्वतःच्या हाताने भरू देत नाहीत, ही माणसं पिस्तूल काय बाळगू देणार. पाच पत्रांना उत्तर नाही. विचार चालू असणार.

२४ मे
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये याच मागणीसाठी सभा. खासदारांच्या मदतनीस बाई आल्या होत्या. मी नऊ मिनिटं बोललो. टाळ्या. बाई म्हणाल्या, फोटोसाठी परवाना उंच धरा. धरला. त्यांनी चष्मा लावला आणि हळूच म्हणाल्या, मिस्टर क्रेसगी, ह्याची मुदत ऑक्टोबरात संपलीय.
म्हणजे सात महिने पुलाच्या अलीकडेही चालत नव्हता. कमरेला पिस्तूल, समोर हे परवाने देणारे शेरीफ बसलेले. पोट आत ओढून मागच्या दाराने निघालो.

२५ मे
पिस्तूल तिजोरीत. कॉरिनला कळवलं, तुझ्यासाठी सोडलं. ती रडायला लागली. खरं सांगणार होतो, पण लाइन खराब होती.

१४ जून, संध्याकाळ
हात धरून नेलं.   कमरेला पिस्तूल नाही हे लक्षातच राहिलं नाही.
जेवणाच्या वेळी कॉरिन उभी राहिली. म्हणाली, माझ्या पप्पांनी माझ्यासाठी आयुष्यभराचं तत्त्व सोडलं. नव्वद माणसं उठून टाळ्या वाजवू लागली, शाकाहारी धरून. मला कुठे बघावं कळेना.
मार्लिसही टाळ्या वाजवत होती. वाजवता वाजवता कानात म्हणाली, परवान्याच्या नूतनीकरणाचं पत्र सप्टेंबरपासून फ्रिजवर आहे, माशाच्या मॅग्नेटखाली. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत होते. मग लग्न ठरलं, तुमचं ते तत्त्व निघालं, म्हटलं राहू दे.
नऊ महिने रोज तोच फ्रिज उघडतोय.
सोमवारी फॉर्म भरणार. कॉरिनला यातलं काही सांगायचं नाही, असं मार्लिसने बजावलंय. मी सांगणार होतो अशातला भाग नाही.