मागे राहिलेला टाक

चंदीगड, मार्च १९७४

श्री. सरदेशमुख यांस,
सादर नमस्कार.

काल तुम्ही दारातूनच आमच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "तो खंडोबा आमचा आहे. याला चोरीच म्हणतात, वहिनी." आमची लेक उल्का लगेच बोलली, "अंकल, आप ही तो छोड गए थे!"

खरं आहे ते. तुमची बदली झाल्यावर हे क्वार्टर आम्हाला मिळालं, तेव्हा खंडोबाचा हा चांदीचा टाक भिंतीतल्या कपाटात रद्दीखाली पडला होता. पत्नी गेल्यावर तुम्ही रागाने देव सोडलेत, असं शेजारी म्हणाले. मी टाक रांगोळीने घासला आणि देव्हाऱ्यात बसवला. आमचे कुलदेव साताऱ्याला थोरल्या जाऊबाईंकडे असतात. धाकट्या सुनेच्या वाट्याला देव येत नाहीत. इतक्या लांब मला हा एकच मिळाला. उल्काला टायफॉइड झाला, तेव्हा मी त्याच्यापुढेच बसून होते.

आता मुलाच्या लग्नासाठी तुम्हाला कुलदैवत हवं आहे. न्या. भांडायचं त्राण माझ्यात नाही, आणि देव तुमच्याच कुळाचा आहे.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या तुम्ही याल तेव्हा टाक पुसून तयार असेल आणि त्याच्या जागी मी पूजेची सुपारी मांडलेली असेल. फक्त त्याच्यासमोर पुन्हा चोरी म्हणू नका. इतकी वर्षं तो माझ्याच हातचा नैवेद्य खातो आहे.

सौ. नलिनी जामखेडकर